खडूच्या टेकड्यांवर पहिल्यांदा चालताना: साऊथ डाऊन्सची पूर्वतयारी आणि तीन वाटा

लंडनहून दक्षिणेला रेल्वेने तासभर गेलं की खडूच्या टेकड्यांची एक लांबच लांब रांग लागते. पश्चिमेला विंचेस्टर, पूर्वेला ईस्टबोर्नचे पांढरे समुद्रकडे, आणि या दोन टोकांमध्ये माथ्यामाथ्याने जाणारी 160 किलोमीटरची वाट: साऊथ डाऊन्स वे. तिचा पूर्वेकडचा मोठा भाग 1972 साली राष्ट्रीय पायवाट म्हणून खुला झाला, नंतर ती विंचेस्टरपर्यंत वाढवली गेली. आजूबाजूचा मुलूख 2010 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला चौकी, तिकीट आणि परवाना आठवतो. इथे यातलं काही नाही. उद्यानातच गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या चरत असतात आणि सार्वजनिक पायवाटांवरून कुणीही कधीही चालू शकतं.

राजगड-तोरणा केलेल्यांना इथली उंची किरकोळ वाटेल. साऊथ डाऊन्स वेवरची सर्वांत उंच टेकडी, बटसर हिल, 270 मीटरची आहे. पण इथे फजिती होते ती उंचीमुळे नाही. पाणी संपतं, वारा अंगातली ऊब काढून घेतो, ओल्या उतारावर पाय सटकतो, आणि संध्याकाळी कळतं की गाव अजून दीडशे मीटर खाली आहे. वारा सोडला तर बाकीच्या गोष्टींचं मूळ एकच आहे, पायाखालचा खडक. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

खडक काय करतो

सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, उथळ आणि कोमट समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची चुनेरी कवचं साचत गेली आणि त्यांचा हा खडू झाला. तो सच्छिद्र आहे. पाऊस पडतो आणि झिरपून जातो. त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, विहीर नाही, झरा नाही. मधूनमधून गोल तळी दिसतील. ती मेंढपाळांनी माती चोपून जनावरांसाठी केलेली आहेत, त्यातलं पाणी पिऊ नये.

झिरपलेलं पाणी टेकडीच्या पायथ्याशी, जिथे खाली चिकणमातीचा थर लागतो तिथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. गावं वसली तीही त्याच रेषेवर. नकाशा पाहिला तर उत्तरेच्या बाजूला, उभ्या उताराच्या तळाशी, गावांची माळ ओवल्यासारखी दिसते. वाट वर आणि गाव खाली, अशी ही रचना आहे. पाणी, जेवण, बस, मुक्काम यांपैकी काहीही हवं असेल तर बहुतेक ठिकाणी 150 ते 200 मीटर उतरावं लागतं आणि परत चढावं लागतं. नवशिक्याच्या आखणीत हा उतार-चढ धरलेलाच नसतो. एका जेवणासाठी खाली गेलात तर येऊन-जाऊन सहज दीड तास जातो.

रांगेची उत्तर बाजू उभी आहे आणि दक्षिण बाजू समुद्राकडे हळूहळू उतरत जाते. धुक्यात दिशा चुकली तर हे उपयोगी पडतं: जमीन एकदम खाली कोसळत असेल तर तिकडे उत्तर, संथ उतरत असेल तर दक्षिण. समुद्रकड्यांवर मात्र हा नियम वापरू नका, तिथे दक्षिणेलाच कडा आहे.

पायरी पहिली: ऋतू आणि दिवसाची लांबी

एप्रिलची अखेर ते जून हा सर्वांत चांगला काळ. जमीन वाळलेली असते, गवतात ऑर्किड फुलू लागतात आणि जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊपर्यंत मावळत नाही. सप्टेंबरही उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये सावलीचा अभाव जाणवतो. पूर्वेकडच्या भागात माथ्यावर झाडं फारशी नाहीत आणि पांढऱ्या वाटेवरून ऊन डोळ्यांवर उलटून येतं, तेव्हा गॉगल आणि टोपी लागतेच. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या दिवसांत सकाळी नऊला चालायला सुरुवात झालेली असावी आणि अंतर 12 किलोमीटरच्या आत ठेवावं.

पायरी दुसरी: वेळेचा हिशेब

तासाला चार किलोमीटर, वर प्रत्येक 100 मीटर चढाला दहा मिनिटं, आणि शेवटी विश्रांतीचा एक तास. म्हणजे 15 किलोमीटर आणि 300 मीटर चढ असेल तर पावणेचार तास, अर्धा तास आणि एक तास मिळून सव्वापाच तास. जमीन ओली असेल तर त्यावर आणखी पाऊण तास धरा. बरोबर लहान मुलं असतील तर हा हिशेब विसरून तासाला अडीच किलोमीटर धरा.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो, तो पाठीवर असलेला बरा. उघड्या माथ्यावर समोरून वारा घेत पंधरा किलोमीटर चालणं फार थकवतं.

पायरी तिसरी: नकाशा आणि खुणा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे 1:25,000 प्रमाणाचे केशरी वेष्टनातले एक्सप्लोरर नकाशे घ्या. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ब्रायटन-ल्यूइस भागासाठी ओएल 11 आणि ईस्टबोर्नच्या बाजूसाठी ओएल 25. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फक्त पायी जाण्याच्या वाटा, लांब तुटक रेषा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा असलेल्या वाटा. हिरवे चौकटीसारखे ठिपके म्हणजे राष्ट्रीय पायवाट. फोनवर नकाशा वापरणार असाल तर तो घरूनच उतरवून घ्या. माथ्यावर सिग्नल बरा मिळतो, उत्तरेकडच्या गावांत कित्येकदा मिळत नाही.

जमिनीवरच्या खांबांवर बाण असतात. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांचा, निळा घोडा-सायकलसह, जांभळा बैलगाडी-घोडागाडीसारख्या बिनइंजिनाच्या वाहनांचा, लाल सर्व वाहनांचा. ओकच्या फळाचं चित्र दिसलं की तुम्ही राष्ट्रीय पायवाटेवर आहात. पण नवशिके चुकतात ते याच चित्रामुळे. मुख्य वाट सोडून गावाकडे वळायचं असतं आणि पाय चित्रामागे जात राहतात. म्हणून नकाशावर आपण मुख्य वाट कुठे सोडणार त्या जागेवर पेन्सिलीने गोल करून ठेवा.

पायरी चौथी: पाठीवर काय

20 ते 25 लिटरची पिशवी पुरते. पाणी उन्हाळ्यात प्रत्येकी किमान दोन लिटर, कडक उन्हात तीन, थंडीत दीड. मुख्य वाटेवर कॉकिंग, बोटॉल्फ्स आणि सॅडल्सकोंब फार्म अशा काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. पण ते दूरदूर आहेत आणि कडाक्याच्या थंडीत बंद असू शकतात, तेव्हा बाटल्या निघतानाच पूर्ण भरलेल्या हव्यात.

खाणं बरोबर न्यावं, हे आग्रहाने सांगणं आहे. गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं, काही पब सोमवारी उघडतच नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा भाजीची गुंडाळलेली पोळी, सोबत दोन लाडू आणि एक केळं एवढं प्रत्येकी ठेवा. दशमी दुधात भिजवलेली असल्याने थंड हवेतही वातड होत नाही, त्यामुळे ती इथे फार सोयीची. पबमध्ये बसायला मिळालंच तर शाकाहारी माणसाला भाजलेला बटाटा किंवा चीज, पाव आणि लोणच्याची थाळी बहुतेक ठिकाणी मिळते. दारात चिखलाचे बूट काढून ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा मोज्यांची जादा जोडी घ्या.

कपड्यांत सर्वांत वर वारा अडवणारं, पाणी रोखणारं जाकीट. आत दोन पातळ थर. जाड स्वेटर एकच घातला तर चढावर घाम येतो आणि माथ्यावर तोच घाम गार पडतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पायाला फोड आला तर लावायच्या पट्ट्या, डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, फोनसाठी पॉवर बँक आणि गोचीड काढायचा छोटा आकडा हे कायम पिशवीत राहू द्या.

बूट आणि ओला खडू

यावर थोडं थांबायला हवं, कारण इथल्या बहुतेक पडापडीचं कारण हेच आहे. कोरडा खडू पायाला छान धरतो. पाऊस पडून गेला की वर्षानुवर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेल्या पांढऱ्या पृष्ठभागावर एक पातळ, साबणासारखा लेप तयार होतो. बूट नवा असो की महाग, सपाट तळ त्यावर टिकत नाही. तळाला किमान चार-पाच मिलिमीटर खोल खाचा हव्यात आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात. जवळजवळ असल्या तर ओली माती त्यांत भरून बसते आणि मग खाचा असून नसल्यासारख्या.

चढताना सहसा कुणी पडत नाही, पडतं ते उतरताना. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, टाच आधी न रोवता पूर्ण तळवा एकदम टेकवा. भीतीने अंग मागे झुकवलं की पाय पुढे निघून जातो, म्हणून वजन पायांच्या बरोबर वर असू द्या. दोन काठ्या असतील तर उतारावर त्या नेहमीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. वाटेत करडे-काळे चकमकीचे दगड दिसतील. जमिनीत घट्ट रुतलेल्या दगडावर पाय चालतो, सुटा असेल तर तो गोटीसारखा फिरतो. हेच दगड खाली गावांत घरांच्या आणि चर्चच्या भिंतींत दिसतात. वेड्यावाकड्या आकारामुळे त्यांचा नीट कोपरा बनत नाही, म्हणून भिंतींचे कोपरे विटांचे किंवा घडीव दगडाचे असतात.

पहिली वाट: हॅसक्स ते ल्यूइस, सुमारे 15 किलोमीटर

पहिल्या दिवसासाठी यापेक्षा योग्य वाट नाही. दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे, बराचसा चढ सुरुवातीलाच संपतो आणि पुढे लांबवर माथ्यावरून चालता येतं. लंडन व्हिक्टोरियाहून हॅसक्सला थेट गाड्या आहेत. येताना ल्यूइसहून यायचं आहे, म्हणून हॅसक्सचं परतीचं तिकीट घेण्याआधी दोन एकेरी तिकिटांशी तुलना करा आणि तिकीट कोणत्या मार्गाला चालतं ते खिडकीवर विचारून घ्या. रविवारी रुळांची कामं निघतात आणि रेल्वेऐवजी बस धावते, ते आदल्या रात्री तपासा.

स्टेशनवरून रुळांच्या कडेने दक्षिणेकडे क्लेटनला या. गाडीरस्त्यावर पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. क्लेटनच्या छोट्या चर्चमध्ये सुमारे 900 वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत, दहा मिनिटं काढून ती पाहाच. मग जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्यांकडे चढा. पांढरी जिल 1821 साली ब्रायटनला बांधली गेली आणि 1852 साली इथे आणून उभी केली. काळा जॅक 1866 चा.

इथून दक्षिणेला सुमारे अडीच किलोमीटरवर छत्री आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांवर जिथे अंत्यसंस्कार झाले, त्याच जागी हे संगमरवरी स्मारक आहे. मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला आणि 1 फेब्रुवारी 1921 रोजी त्याचं अनावरण झालं. तिथपर्यंत गाडी जात नाही, चालतच जावं लागतं. येऊन-जाऊन पाच किलोमीटर वाढतात, त्यामुळे ल्यूइसच्या वाटेत ते बसवू नका. छत्रीसाठी वेगळा दिवस ठेवा. हॅसक्सहून छत्री आणि पुढे पॅचमला उतरून ब्रायटनची बस, असा तो अर्ध्या दिवसाचा फेरफटका होतो. भारतातून आलेल्या कुणीही तो चुकवू नये.

मुख्य वाटेवर परत येऊ. पवनचक्क्यांपासून पूर्वेला साधारण तीन किलोमीटरवर डिचलिंग बीकन, 248 मीटर. इथे वाहनतळ आहे. चांगल्या हवेत आइस्क्रीमची गाडी असते, पण तिच्या भरवशावर निघू नका. यापुढे साडेतीन-चार किलोमीटरवर ती फसवी जागा येते. ब्लॅककॅप टेकडीच्या अलीकडे साऊथ डाऊन्स वे काटकोनात उजवीकडे, दक्षिणेला वळते. ल्यूइसला जाणाऱ्यांनी ओकच्या फळाची खूण तिथेच सोडून सरळ ब्लॅककॅपवर जायचं. वळलात तर ए 27 या मोठ्या रस्त्यावर पोहोचाल. ब्लॅककॅपनंतर माउंट हॅरी, जुनं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि मग ल्यूइसचा तुरुंग. याच उतारांवर 14 मे 1264 रोजी बंडखोर सरदार सायमन द माँटफोर्टने इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीचा पराभव केला. तुरुंगापासून गावातून उतरत स्टेशन अर्ध्या तासावर.

दुसरी वाट: साऊथईज ते बर्विक, सुमारे 16 किलोमीटर

ल्यूइसहून सीफोर्डकडे जाणारी गाडी पकडा. साऊथईज स्टेशन मुख्य वाटेवरच आहे. नदीपलीकडच्या गावातलं गोल मनोऱ्याचं चर्च पाहून परत या. ससेक्समध्ये असे गोल मनोरे तीनच आहेत आणि तिन्ही याच ऊझ नदीच्या खोऱ्यात. मग इटफोर्ड हिलचा उभा चढ, फर्ल बीकन (217 मीटर) आणि ऑल्फ्रिस्टनला उतार. साऊथईज सोडलं की ऑल्फ्रिस्टनपर्यंत दुकान नाही. ऑल्फ्रिस्टनमधलं क्लर्जी हाउस हे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने 1896 साली दहा पौंडांना विकत घेतलेलं घर, त्यांनी घेतलेली ही पहिली इमारत. गावापासून बर्विक स्टेशन आणखी चार-पाच किलोमीटर आहे, हे थकलेल्या पायांना आधीच सांगून ठेवा. तिकीट काढताना ससेक्समधलं बर्विक निवडलंय ना ते पाहा. स्कॉटलंडच्या सीमेवरही त्याच नावाचं गाव आहे.

तिसरी वाट: सेव्हन सिस्टर्स, आणि ती तिसरीच का

सेव्हन सिस्टर्स म्हणजे समुद्रकाठच्या खडूच्या सात कड्यांची रांग. सीफोर्ड ते ईस्टबोर्न साधारण 22 किलोमीटर. छायाचित्रं पाहून बहुतेक जण हीच वाट पहिली करतात. एकही टेकडी मोठी नाही, पण पूर्ण खाली उतरून पुन्हा चढायचं, असं सात-आठ वेळा. पायांच्या पोटऱ्या चौथ्या टेकडीवरच बोलू लागतात. पहिल्या दोन वाटा झाल्यावर या.

सीफोर्ड हेडवरून उतरलं की कुकमेअर नदीचं मुख समोर येतं आणि पलीकडचे कडे अगदी जवळ वाटतात. तिथून नदी ओलांडू नका. भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो. नदीकाठाने आत एक्सीटच्या पुलापर्यंत जाऊन पलीकडून परत यायचं, त्यात सुमारे तासभर जातो. एक्सीटला स्वच्छतागृह आणि ब्रायटन-ईस्टबोर्न बस आहे. पुढे बर्लिंग गॅपला पुन्हा स्वच्छतागृह आहे. दम संपला असेल तर बर्लिंग गॅपहून आत ईस्ट डीन गावात जाऊन बस पकडा, ही कमीपणाची गोष्ट नाही.

कड्याच्या काठापासून किमान पाच मीटर लांब राहा. काठ वरून पक्का दिसतो, पण खालून लाटांनी पोखरलेला असतो आणि गवताखाली कित्येकदा नुसती हवा असते. खडू सूचना न देता मोठमोठ्या कपच्यांनी कोसळतो. बेल टाउट हे 1832 चं दीपगृह कडा जवळ येत गेल्याने 1999 साली अख्खंच्या अख्खं 17 मीटर मागे सरकवावं लागलं. खाली समुद्रकिनाऱ्यावरही कड्याला टेकून बसू नका, आणि ओहोटीच्या वेळी कड्याखालून बर्लिंग गॅपपर्यंत चालत जाण्याचा मोह टाळा. भरती लागली की मधे वर येण्याची वाट नाही.

शेतं, जनावरं, फाटकं

फाटक जसं असेल तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं बांधून ठेवलं असेल तर उघडं. पिकातून वाट गेली असेल तर एकामागे एक चाला. वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या कळपातून जाऊ नका, लांबून वळसा घ्या, त्यांच्या आणि वासरांच्या मधे कधीही येऊ नका. आपल्याकडच्या दारातल्या गाईसारख्या या माणसाळलेल्या नसतात. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या, कुत्रा पळून सुटतो. मार्च ते मे मेंढ्यांची पिल्लं असतात, तेव्हा कुत्रा दोरीवरच. फुलं तोडू नका. इथल्या जुन्या खडू-गवताळ माळावर एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत वनस्पती असू शकतात आणि एकदा नांगरला गेला की तो माळ पुन्हा तसा व्हायला फार मोठा काळ लागतो. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकणं बेकायदा आहे.

मदत हवी असेल तर 999 हा आणीबाणीचा क्रमांक लावा. समुद्राच्या बाजूला असाल तर कोस्टगार्ड मागा. सिग्नल अपुरा असेल तर संदेशही पाठवता येतो, पण त्यासाठी नोंदणी आधी करावी लागते: घरूनच 999 वर इंग्रजीत ‘रजिस्टर’ एवढा शब्द पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा संकटाचा इशारा.

घरी आल्यावर

बूट त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने आणि ब्रशने धुवा. खडूचा चिखल वाळला की प्लास्टरसारखा धरतो आणि कातडं कोरडं पाडतो. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, हीटरवर ठेवू नका, तळ सुटतो. आंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड पाहा. ती खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. दिसली तर आकडा त्वचेला लागून सरकवा आणि फिरवत सावकाश वर घ्या. तेल, काडेपेटी, बोटांनी चिरडणं यातलं काही करू नका. चावल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल गोल चट्टा उठला किंवा फ्लूसारखा ताप आला, तर डॉक्टरांकडे जाऊन गोचीड चावल्याचं आणि तारखेचं आवर्जून सांगा. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगावर वेळेत दिलेल्या प्रतिजैविकांनी चांगला इलाज होतो.